आत्याची वाटणी

“या म्हातारीला जिन्यावरून ढकलून द्यायची सोय का ठेवली नाही?” असा प्रश्न ब्राझीलच्या कुणा ‘बटाटाराजा’ने विचारला होता, आणि हे मत आपल्याला उपयोगी वाटलं असं शेकडो लोकांनी खाली नोंदवलं होतं. उपयोगी म्हणजे कशासाठी, ते कुणी सांगितलं नव्हतं.

ज्या म्हातारीबद्दल हे चाललं होतं ती म्हैसूरला, मंडी मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत, आपल्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. समोर डब्याला टेकवून फोन उभा केलेला. शेंग मोडायची, शीर ओढायची, आणि ओल्या बोटाने पुढचं मत वर सरकवायचं. त्यांच्या घराला जिनाच नव्हता, हा बटाटाराजाच्या सूचनेतला पहिला दोष. पण तुंगाबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पुढच्या मतात त्यांना ‘दगड’ म्हटलं होतं. त्यापुढच्यात ‘साप’. कॅनडाच्या एका बाईंनी, आपण स्वतः मानसोपचाराचं काम करतो असं सांगून, अशा स्त्रिया घरोघरी असतात आणि त्यांच्यापासून मुलांना दूर ठेवावं, असा सल्ला दिला होता.

परक्यांच्या शिव्या तुंगाबाईंना नव्या नव्हत्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून गेली. लाइन लागली नाही की दावणगेरेपासून दिल्लीपर्यंत कोणीही काहीही बोलायचं, आणि त्या एकाच सुरात “कृपया थांबा” म्हणायच्या. त्यांना कधी राग आला नाही. माणूस लाइनवर चिडलाय, आपल्यावर नाही, हे त्यांना कळत असे. इथे मात्र लाइन नीट लागलेली होती. नंबरही बरोबर होता.

हा नंबर जगाला दिला तो त्यांच्या भाच्याने. म्हणजे भावाच्या मुलाने. म्हैसूरच्या मराठी घरांत नात्यांची नावं अशी थोडी सैल पडलेली आहेत. संकर्षण त्याचं नाव. त्याने आणि पुण्याहून इकडे आलेल्या अदिती नावाच्या मुलीने मिळून एक व्हिडिओ गेम केला होता. या गेममध्ये कुणाला मारायचं नसतं आणि कुठे पोचायचं नसतं. आई गेलेल्या एका लहान पोराला घरभर हिंडवायचं, एकेक वस्तू उचलायची, वस्तूमागची आठवण ऐकायची आणि खेळणाऱ्याने रडायचं. किती रडलो यावर मग लोक मत लिहितात. ‘दोन तास रडलो, उत्तम.’ ‘माझ्या बायकोने येऊन विचारलं काय झालं, अत्युत्तम.’ गेमचं नाव ‘बाहुल्यांविना वर्ष’, आणि त्यातला एकूण एक माणूस त्या गल्लीतला होता.

गोष्ट अशी. दसऱ्यात म्हैसूरला घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. सगळ्यांत वरच्या पायरीवर राजाराणीची लाकडी जोडी, पट्टदची जोडी म्हणतात तिला. ती सुनेने माहेरून लग्नात आणलेली असते. संकर्षणची आई वनजा नंजनगूडहून आपली जोडी घेऊन आली होती. ती श्रावणात गेली. पोरगं नऊ वर्षांचं. घरात मृत्यू झाला की त्या वर्षी सण नाही, बाहुल्या नाहीत, हे इतकं सर्वमान्य की गल्लीत कुणाला सांगावंही लागलं नाही. सांगावं लागलं ते फक्त पोराला. नवरात्राच्या पहिल्या दिवशी ते बाहुल्यांच्या पेटीपुढे बसून झाकण ओढायला लागलं, तेव्हा आत्याने येऊन पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

इथपर्यंत गेम आणि आयुष्य बरोबर चालतात.

पुढे गेममध्ये बाप येतो. दाढी वाढलेला, डोळे लाल, आवाज हलका. हा बाप पहाटे झोपलेल्या आत्याच्या कमरेची किल्ली अलगद काढतो (इथे खेळणाऱ्याला श्वास रोखून माउस हलवावा लागतो), पेटीतली राजाराणीची जोडी पिशवीत घालतो आणि पोराला घेऊन एच. डी. कोटेची बस पकडतो. कोटेच्या पुढे कबिनी धरणाचं पाणी. पाण्याकाठच्या दगडी कठड्यावर बाप जोडी मांडतो, पोरगं त्यांच्यापुढे चुरमुरे ठेवतं, आणि वाऱ्याचा आवाज तेवढा राहतो. सगळं जग इथे रडतं. ‘गेमच्या इतिहासातला सर्वांत चांगला बाप’ हे मत एका जपानी माणसाचं, पण तसं म्हणणारे शेकड्याने.

आता खरं काय ते सांगायला हवं. वनजा गेल्यावर श्रीहरीराव, म्हणजे संकर्षणचे वडील आणि तुंगाबाईंचे थोरले भाऊ, जे खोलीत गेले ते त्या वर्षात जेवायला आणि विमा कचेरीत जायला तेवढे बाहेर आले. त्यांचं दुःख खरं होतं. तुंगाबाईंनीही त्यावर कधी शंका घेतली नाही. पण दुःखालाही दोन वेळा वाढावं लागतं. ते वाढत होत्या तुंगाबाई. पोराची वेणीफणी नव्हती एवढंच. बाकी शाळा, डबा, ताप, रात्रीचं दचकणं, सगळं त्यांच्याकडे. कुलूप घातलं त्या संध्याकाळी पोरगं रडलं नाही. त्याने फक्त विचारलं, “त्या दोघांनापण गुंडाळून ठेवलंय? म्हणजे तेपण मेलेत?” बाहुल्या दरवर्षी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवत असत. पोराने अलीकडेच दुसरंही काही गुंडाळलेलं पाहिलं होतं.

तुंगाबाईंनी त्यावर विचार केला, तो नोकरीतल्या सवयीने केला. घरात बाहुल्या मांडायच्या नाहीत, असा नियम. घराबाहेरचं नियमात काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, पेटी उघडली, जोडी पिशवीत घातली आणि पोराला कोटेच्या बसमध्ये बसवलं. म्हैसूर सुटायच्या आत पोरगं त्यांच्या पदरात ओकलं. त्यांनी पदर पाण्याने धुतला आणि तसाच ओला खांद्यावर टाकून प्रवास केला. कबिनीच्या कठड्यावर जोडी उभी केली. चुरमुरे ठेवले. “बघ, डोळे उघडे आहेत की,” त्या म्हणाल्या. “मेलेल्यांचे मिटतात.” संध्याकाळी जोडी परत पेटीत गेली, कुलूप परत लागलं, किल्ली परत कमरेला. श्रीहरीराव तेव्हा खोलीत होते. घरात कोणी नव्हतं, हे त्यांना कळलं नव्हतं.

असा माणूस आता जगातला सर्वांत चांगला बाप झाला होता, आणि तक्रार तीही नव्हती. तक्रार ही होती की श्रीहरीरावांना ते हळूहळू आठवायला लागलं होतं.

एका रविवारी बेंगळुरूहून दोन चाहते आले. मधुमिता नावाची मुलगी आणि तिचा मित्र विक्रांत, दोघेही कुठल्याशा कंपनीत. गेम कोणत्या घरावरून केलाय हे शोधून ते बापाच्या पाया पडायला आले होते. श्रीहरीरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चाहत्यांच्या पहिल्या दोन खेपांना त्यांनी “छे छे, मुलाने आपलं लिहिलंय” असं म्हटलं होतं. तिसऱ्या खेपेपासून छे छे गेलं.

“पहाटेची वेळ,” ते सांगत होते, “पोराचा हात माझ्या हातात. थंडी अशी…”

“अय्यो,” मधुमिता म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

“बसमध्ये त्याला उलटी झाली. मी त्याचं डोकं धरलं.”

तुंगाबाई कॉफी घेऊन आल्या होत्या. उलटी गेममध्ये नव्हती. संकर्षणने ती घातलीच नव्हती. म्हणजे ती श्रीहरीअण्णांनी कुठून आणली? कधीतरी, या बावीस वर्षांत, जेवताना, त्यांनीच अण्णांना ती हकिगत सांगितली असणार. त्यांनी दिलेल्या वस्तूंतूनच अण्णांनी ती उचलली होती, आणि आता पाहुण्यांपुढे मांडली होती.

“अण्णा,” त्या म्हणाल्या, “बस कुठून सुटते कोटेची?”

“स्टँडवरनंच की.”

“कुठल्या?”

श्रीहरीरावांनी कॉफीचा घोट घेतला. “आता एवढं कुठलं…”

मधुमिताने विक्रांतला कोपराने डिवचलं आणि कानात काहीतरी सांगितलं. विक्रांतने वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा आदर उमटला. “तुम्हीच त्या आत्या? खऱ्या?”

“मीच.”

“एक फोटो, आँटी? प्लीज?” मुलीने फोन काढला. “गेमसारखं जरा रागात बघा ना.”

असं काही वेगळं करायची गरज पडली नाही. फोटो चांगला आला.

ते गेल्यावर श्रीहरीराव म्हणाले, “तुंगे, पोरांसमोर कशाला ते बसस्टँड?”

“तू बसमध्ये होतास का, अण्णा?”

बराच वेळ त्यांनी शर्टाच्या बाह्या सरळ केल्या. “मनाने होतो गं मी.”

“मनाला तिकीट लागत नाही,” तुंगाबाई म्हणाल्या. “पदर मात्र धुवावा लागतो.”

दुसऱ्या दिवशी त्या हूटगळ्ळीला गेल्या. तिथे नव्या घरांच्या आणि अर्धवट घरांच्या मधोमध, टायरच्या दुकानाच्या माडीवर संकर्षण आणि अदिती यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, चार पडदे आणि एक निवर्तलेलं मनीप्लँट. बसमध्ये तुंगाबाईंनी सगळी तयारी केली होती. तो नाही म्हणेल, विसरला असेल, बाबाच होता म्हणेल. मग त्या साडीचा रंग सांगणार होत्या, कंडक्टरची मिशी सांगणार होत्या, कठड्याजवळच्या चुरमुरेवाल्याचं एक डोळा मिटून बोलणं सांगणार होत्या.

“संकू,” त्या दारातच म्हणाल्या, “कोटेला तुला कुणी नेलं?”

“तू,” संकर्षण म्हणाला. “ये ना आत्या, बैस. अशी अचानक?”

तुंगाबाई उभ्याच राहिल्या. साडी, मिशी, चुरमुरेवाला, सगळं हातात तसंच राहिलं.

“म्हणजे तुला आठवतंय.”

“सगळं आठवतंय की. ती हिरवी साडी. मी ओकलो ते. तू म्हणालीस डोळे उघडे आहेत.” त्याचं मराठी घरापुरतं होतं आणि घराबाहेर आलं की ते बिचारं अडखळायचं, पण एवढी वाक्यं त्याने न थांबता म्हटली.

“आणि तरी?”

तो खुर्चीत हलला आणि त्याने अदितीकडे पाहिलं. अदितीने कानातली यंत्रं काढून टेबलावर ठेवली. ती मुलगी प्रामाणिक होती, हा तिचा दोष म्हणता येणार नाही.

“आत्या, मी सांगते. पहिल्या आवृत्तीत तुम्हीच होतात. कुलूप तुम्हीच लावायचात आणि बसने तुम्हीच न्यायचात. आम्ही ती काही लोकांना खेळून बघायला दिली होती. सगळ्यांचा तिथेच गोंधळ झाला. म्हणाले, जी बाई दुपारी पेटी बंद करते ती सकाळी स्वतःच कशी उघडेल? पात्र पटत नाही. एकाने तर तो बग म्हणून कळवला.”

“बग म्हणजे?”

“म्हणजे… प्रोग्रॅममधली चूक.”

“मी?”

खालून कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं.

“मग आम्ही ते दोघांत विभागलं,” अदिती म्हणाली. “कुलूप तुमच्याकडे. बस बाबांकडे. त्यानंतर कुणीच अडकलं नाही.”

“वाटणी केलीत,” तुंगाबाई म्हणाल्या. “छान. मंडी मोहल्ल्यात दोन फुटांच्या बोळाची वाटणी करतात तरी सगळ्यांना बोलावतात. माझी केलीत आणि मला निरोपसुद्धा नाही.”

“आत्या, ते फिक्शन आहे,” संकर्षण म्हणाला. “ती तू नाहीस. कॅरेक्टर आहे ते.”

“असं? मग तिला चष्मा माझा का? किल्ली खोचायची ती पद्धत कुणाची? डावा गुडघा धरून उठते ती कोण? वाईट तेवढं सगळं खरं घेतलंस आणि चांगलं तेवढं फिक्शन झालं?” त्यांचा आवाज चढला नव्हता. तीस वर्षं हेडफोन लावलेल्या माणसाला आवाज चढवता येत नाही. तो फक्त स्पष्ट होत जातो. “किल्ली चोरतो तो माझ्या कमरेची! माझीच किल्ली! मी झोपलेली असते! त्या वर्षात मी पहाटे झोपलेली तू कधी पाहिलीस, सांग बघू?”

“नाही पाहिलं.”

“मग?”

संकर्षण खाली बघत होता. “बाबा खोलीत असायचा,” तो म्हणाला. “मी दाराबाहेर बसायचो. मला वाटायचं, याने यावं. मला कुठंतरी घेऊन जावं. तो आलाच नाही. म्हणून मी… त्याला आणला.”

हे ऐकून तुंगाबाईंचा राग जाईल असं अदितीला वाटलं असावं, कारण तिने हळूच पाण्याचा ग्लास पुढे केला. राग गेला नाही. तो दुखऱ्या जागेवरून सरकून जरा वेगळीकडे जाऊन बसला, इतकंच.

“हवा होता तसा बाप केलास,” त्या म्हणाल्या. “कर की. कोण नको म्हणतंय? पण माझ्या सामानातनं कशाला केलास? ते माझं आहे. परत दे.”

“आत्या, दसऱ्याला अपडेट आहे,” अदिती म्हणाली. “पण ते बदललं तर खेळणारे भडकतील. बाबांवर त्यांचा फार जीव आहे.”

“आणि माझ्यावर?”

हातोडा थांबला होता, त्यामुळे प्रश्न जास्तच ऐकू आला.

आठवड्याने संकर्षण घरी आला तो तोडगा घेऊन. पानावर बसल्याबसल्या त्याने तो मांडला. गेममध्ये सेटिंग असतं. तिथे एक बटण ठेवायचं. एका बाजूला ‘मूळ कथा’, दुसऱ्या बाजूला ‘आत्याची कथा’. ज्याला जी हवी ती.

“मूळ कुठली?” तुंगाबाईंनी विचारलं. हातात सारूचा डाव होता.

“बाबाची. सुरुवातीला तीच चालू असेल. पण कुणीही…”

“म्हणजे बटण दाबलं तर मी तुला नेलं. नाही दाबलं तर नाही नेलं.”

“तसं नाही आत्या…”

“बेडा,” त्या म्हणाल्या. इतका वेळ मराठीत चिडलेल्या तुंगाबाई आता कन्नडातल्या ‘नको’वर आल्या होत्या, म्हणजे बोलणं संपत आलं होतं. “बटण बेडा. मला काढून टाक त्यातनं. सगळीच काढ. कुलूप नको, चष्मा नको, गुडघा नको. घेतलीस तर पुरी घे, नाहीतर पुरी सोड.”

“आत्या नसली तर गेमच राहत नाही की!”

“हे आता कळलं?”

“तुंगे, साकू गं, पुरे,” श्रीहरीराव पानावरून म्हणाले. “एवढं काय त्यात? घरातलंच नाव आहे. तुझं काय, माझं काय.”

“असं म्हणतोस?” तुंगाबाईंनी त्यांच्या भातावर सारू वाढलं, जरा जास्तच. “मग ते ‘दगड’ तू घे. ‘साप’ तू घे. बस मला दे. घरातलंच आहे.”

श्रीहरीरावांनी भात कालवायला सुरुवात केली. संकर्षण काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या पुढ्यातही डाव आला होता.

त्याने काय ठरवलं ते अपडेट आलं तेव्हा कळलं. बटण नव्हतं. पहाटे आत्याच उठते, स्वतःच्या कमरेची किल्ली स्वतः काढते, पेटी उघडते. का, हे कुठेही सांगितलेलं नाही. कारण घालू या, असं अदितीचं म्हणणं होतं. आत्याचं एखादं जुनं प्रेम, एखादं मेलेलं मूल. संकर्षणने नको म्हटलं. बाप खोलीतच राहतो. दाराखालून फक्त उजेड दिसतो. उलटीसुद्धा आली होती.

जगाला ते अजिबात आवडलं नाही. ‘अत्युत्तम’वर असलेला गेम काही दिवसांत ‘संमिश्र’ झाला. ‘आत्या असं कधीही करणार नाही. लेखकांना स्वतःचं पात्रच कळलेलं नाही,’ असं त्या जपानी माणसाने सभ्य शब्दांत कळवलं. ‘बाबाला परत आणा’ अशी मोहीम सुरू झाली, आणि तिच्यात बटाटाराजा पुढे होता. कॅनडाच्या बाईंनी लिहिलं की अत्याचारी व्यक्तीला असं उजळून दाखवणं धोक्याचं आहे. श्रीहरीरावांनी तुंगाबाईंशी बोलणं सोडलं. चाहते यायचे थांबले होते, इस्त्रीचे शर्ट कपाटात परत गेले होते. पेपर मागायचा तरी ते भिंतीकडे पाहून मागत.

तुंगाबाई सगळी मतं वाचत होत्या. शिव्या आता त्यांना पूर्वीइतक्या लागत नव्हत्या. शिव्या देणाऱ्याला निदान आता कुलूप आणि बस दोन्ही त्यांचीच दिसत होती. आग झाली ती वेगळ्या मतांनी. अशी मतं सुरुवातीला तुरळक होती, मग वाढली. पोलंडच्या ‘ओला मोजा’ने लिहिलं होतं: ‘आधी मी आत्याचा द्वेष करत होतो. कबिनीच्या काठी मात्र मी तिला माफ केलं. आता आम्हा दोघांनाही शांत वाटतंय.’

त्यांनी गॅस बंद केला आणि संकर्षणला फोन लावला.

“ओला मोजा कोण आहे?”

“कोण?”

“पोलंडचा. त्याने मला माफ केलंय.”

“चांगलंय की आत्या! बघ, लोकांना तू आवडायला लागलीस.”

“आवडू नको म्हणावं! माफ करणारा हा कोण? मी काय केलं होतं? कुलूप लावलं ते बरोबर लावलं. वर्षाच्या आत घरात बाहुल्या मांडत नाहीत. कोटेला नेलं तेही बरोबर. दुसरं केलं म्हणून पहिलं धुऊन निघालं असं कुणी सांगितलं याला? मी काय पापाची भरपाई करायला बसमध्ये बसले होते? पोरगं घाबरलं होतं, म्हणून बसले. आणि शांत वाटतंय म्हणतो, आम्हा दोघांना! मला विचारलंय का त्याने?”

“मी काय करू मग?”

“काही करू नकोस. लिहायचं कुठे ते दाखव.”

लिहायला आधी गेम खेळावा लागतो, असा तिथला नियम होता, आणि नियमांशी तुंगाबाईंचं वैर नव्हतं. दुपारी जेवणं झाली की त्या पडद्यासमोर बसत. स्वतःच्या घरात स्वतःच्या भाच्याला हिंडवणं त्यांना जमायला वेळ लागला. पोरगं भिंतीवर आपटायचं आणि त्या “अरे बघून चाल की” म्हणायच्या. पेटीपाशी चष्मा घातलेली बाई आली, कुलूप घातलं आणि गुडघा धरून उठली. तुंगाबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. त्यांना ती आवडली नाही, पण ओळख पटली. खेळ संपला तेव्हा त्यांनी ओल्या मोज्याच्या मताखाली इंग्रजीत लिहिलं: ‘मी तुमची माफी मागितलेली नाही. तुम्ही दिलेली परत करत आहे. कुलूप मी लावलं आणि पोराला मीच नेलं. तुंगा, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, म्हैसूर.’

कुणाचा विश्वास बसला नाही. कुणीतरी आत्याच्या नावाने थट्टा करतंय, असं लोकांनी ठरवलं. खरी आत्या एवढं बरं इंग्रजी लिहिणार नाही, असंही एकाने सिद्ध करून दाखवलं. संध्याकाळपर्यंत त्या उत्तराखाली भांडणाची लांबलचक शेपटी लागली, आणि तिच्या टोकाला गेम करणाऱ्यांच्या अधिकृत खुणेसह संकर्षणची ओळ आली: ‘ही खोटी नाही. ही माझी आत्या. मला कोटेला हिनेच नेलं होतं. ज्याला पटत नसेल त्याने गेम परत करावा.’

थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“मग?” त्याच्या आवाजात जरा शाबासकीची अपेक्षा होती.

“मग काय? मोज्याला सांगितलंस,” तुंगाबाई म्हणाल्या. “पोलंडला. सगळ्या जगाला. मला नाही सांगितलंस.”

“तुला काय सांगायचं त्यात? तुला माहीतच आहे की.”

“माहीत असलं म्हणून? सांग.”

टायरच्या दुकानातला हातोडा फोनमधून ऐकू येत होता. मग दार लावल्याचा आवाज आला आणि हातोडा लांब गेला.

“आत्या,” संकर्षण म्हणाला, “मला कोटेला तू घेऊन गेलीस.”

“हं. आणि पेटीला कुलूप?”

“तूच घातलंस.”

“बरोबर घातलं का?”

तो इतका वेळ गप्प राहिला की कुणाही दुसऱ्याला फोन तुटला असं वाटलं असतं. तुंगाबाईंना तुटलेली आणि गप्प लाइन यांतला फरक ऐकू येत होता.

“ते मला अजून नाही पटत, आत्या,” तो म्हणाला. “सॉरी. पण नाही पटत.”

“नको पटू दे,” तुंगाबाई म्हणाल्या. “पण मीच घातलं.”